तोंडातून दुर्बीण, जठराला टाके: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्याकडे जठर लहान करून घेतलेली माणसं येतात. बहुतेक जण सगळं उरकल्यावर येतात, डिस्चार्जच्या कागदावर ‘दोन आठवडे लिक्विड डाएट’ एवढीच ओळ घेऊन. घरी भाताची पेज आणि शहाळ्याचं पाणी सुरू झालेलं असतं, चक्कर येत असते आणि घरचे घाबरलेले असतात. जे या वाटेने पहिल्यांदाच निघाले आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरी ओट्यापाशी उभं राहणाऱ्यांसाठी, हे लिहिते आहे. डॉक्टरांचा सल्ला शेवटचा. त्यांना काय काय विचारायचं याची तयारी म्हणून हे वाचा.

नक्की काय करून घेताय?

‘विनाऑपरेशन पोट कमी करा’ या एकाच जाहिरातीखाली वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे एंडोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टी, सगळे ईएसजी म्हणतात ती. यात तोंडातून दुर्बीण आत नेतात आणि तिच्या टोकाला बसवलेल्या साधनाने जठराला आतून टाके घालतात. परकराची नाडी ओढल्यावर चुण्या पडतात तशी जठराची फुगीर बाजू आत ओढली जाते. जागा साधारण सत्तर टक्क्यांनी कमी होते आणि अन्न पुढे सरकायलाही जास्त वेळ लागतो. त्यामुळे थोडक्यात पोट भरतं आणि भरलेलं राहतं. काहीही कापून काढत नाहीत.

दुसरा प्रकार बलूनचा. जठरात पाण्याने भरलेला फुगा सोडतात, तो प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर ठेवून दुर्बिणीने काढतात. एक कॅप्सूलसारखा गिळायचाही येतो. तो साधारण चार महिन्यांनी आपोआप रिकामा होऊन शौचावाटे निघून जातो. बलून गेला की भूक परत येते, आणि त्या काळात खाण्याची नवी घडी बसली नसेल तर वजनही परत येतं. पुढचा बराचसा मजकूर ईएसजीबद्दल आहे, पण पहिल्या आठवड्याचा भाग बलूनवाल्यांनाही लागू आहे.

आपल्याकडे लॅपरोस्कोपीलाही ‘दुर्बिणीतून’च म्हणतात, आणि लॅपरोस्कोपिक स्लीव्हमध्ये पोटाला छिद्रं पाडून जठराचा मोठा भाग कायमचा काढून टाकतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत सरळ विचारा: तोंडातून करणार की पोटाला छिद्रं पाडून? काही कापणार का? संकोच करू नका. आपण कशाला हो म्हणून आलो हे घरी गेल्यावर न उमगलेली माणसं मी पाहिली आहेत.

किती वजन उतरतं, धोका किती

ईएसजीची एक मोठी चाचणी, मेरिट नावाची, अमेरिकेत झाली आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वर्षभरात ईएसजी केलेल्यांचं वजन सरासरी १३.६ टक्के उतरलं. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात ०.८ टक्के. म्हणजे नव्वद किलोच्या माणसाचे साधारण बारा किलो. सरासरी म्हटल्यावर कुणाचे अठरा जातात, कुणाचे सहा. कापून काढण्याच्या स्लीव्हमध्ये पहिल्या वर्षात पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त वजन जातं, म्हणून ज्यांचं वजन फारच जास्त आहे त्यांनी त्या शस्त्रक्रियेबद्दलही ऐकून घ्यावं. आणि जे लहान होतं ते जठर. पोटाचा घेर त्याच दिवशी कमी होत नाही, तो महिन्यांच्या हिशेबाने उतरतो.

त्याच चाचणीत गंभीर गुंतागुंत दोन टक्के लोकांना झाली, कुणी दगावलं नाही. पण ‘नुसती एंडोस्कोपीच तर आहे’ हे वाक्य मला पटत नाही. पोटावर व्रण नसला तरी जठराच्या भिंतीत आरपार टाके असतात. रक्तस्राव, जठराबाहेर पू साठणं, गळती, फुप्फुसात रक्ताची गुठळी हे सगळं क्वचित का होईना, होऊ शकतं.

आपण यात बसतो का?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. ८२ किलो आणि १६० सेंटिमीटर असाल तर ८२ भागिले २.५६, म्हणजे बीएमआय ३२. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये ईएसजीच्या साधनाला मान्यता दिली ती बीएमआय ३० ते ५० असलेल्या प्रौढांसाठी. भारतीयांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ २५ पासून धरतात. त्यामुळे शुगर असेल तर काही डॉक्टर बीएमआय ३० च्या थोडं खाली असलेल्यांचाही विचार करतात.

मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला असणं), जठरात अल्सर, सिरॉसिसमुळे, म्हणजे यकृत निबर झाल्यामुळे, फुगलेल्या शिरा, बंद करता न येणारी रक्त पातळ करण्याची गोळी, गरोदरपण, घराण्यात जठराचा कॅन्सर, यातलं काही असेल तर आधीच सांगा. बहुधा नाही म्हणतील, आणि ते बरोबरच असेल. रात्री उठून, लपून, पोट भरलेलं असताना खाण्याचे झटके येत असतील तर आधी समुपदेशन घ्या. टाके ती सवय मोडत नाहीत. लग्न दोन महिन्यांवर आलं म्हणून घाई करणाऱ्यांना तर मी थांबाच म्हणते, कारण लग्नाच्या धावपळीत पातळ आहाराचे आठवडे निभत नाहीत.

हॉस्पिटल निवडताना

यंत्र कुठलं यापेक्षा रात्री दोनला फोन कोण उचलणार हे मला महत्त्वाचं वाटतं. ईएसजी पोटविकारतज्ज्ञही करतात आणि बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारे, सर्जनही. विचारा: तुम्ही स्वतः किती ईएसजी केल्या आहेत? आत काही बिनसलं तर इथेच आयसीयू आणि सर्जन आहे का? आहारतज्ज्ञ किती महिने सोबत असतील, आणि ते पॅकेजमध्ये धरलेलं आहे का?

दुसरा निकष अंतराचा. कासारवडवलीच्या माणसाने अंधेरीचं हॉस्पिटल नावासाठी निवडलं, तर मळमळत असताना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणं किती अवघड आहे ते मी वेगळं सांगायला नको. ठाणे शहर, वाशी, नेरूळ, बेलापूर इथे आता मोठी हॉस्पिटलं आहेत. तपासण्या आणि फॉलोअप घराजवळ होतील अशी सोय पाहा. ट्रान्स-हार्बरने ठाणे-वाशी सोपं आहे, पण पहिल्या पंधरवड्यात गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून जायचं नाही, हे धरून चाला.

पैसे आणि मेडिक्लेम

खर्च लाखांत जातो. टाके घालण्याचं साधन एकदाच वापरायचं असतं आणि बिलाचा मोठा भाग तेच असतं. म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात ते साधन, भूल, खोली आणि नंतरच्या भेटी धरल्या आहेत का ते पाहा.

मेडिक्लेमचं कलम आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेलं आहे: वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यासारखा आजार, शिवाय आधी साधे उपाय करून झाल्याचा पुरावा. ३२ बीएमआयवाल्याचा क्लेम यात सहसा बसत नाही. बसतो असं कुणी तोंडी सांगितलं तर विमा कंपनीची पूर्वमंजुरी लेखी हातात येईपर्यंत तारीख घेऊ नका.

तपासण्या आणि चालू गोळ्या

रक्त, थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), सोनोग्राफी, ईसीजी, गरज असेल तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शिवाय जठराची साधी एंडोस्कोपी आणि एच पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी. तो जंतू सापडला तर आधी औषधाचा कोर्स होतो, तारीख पुढे जाते. जाऊ द्या.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र हलगर्जीपणा नको. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून घेऊन जा, तोंडी नावं सांगू नका. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी असेल तर ती काही दिवस आधीच थांबवतात. उपाशीपोटी आणि पातळ आहारावर तिने रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून शुगर फारशी न चढताही माणूस गंभीर होऊ शकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा जुना डोस तसाच चालू ठेवला तर खाणं घटल्यावर शुगर धोकादायक खाली येते. वजनासाठीचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड, तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्याने जठर हळू रिकामं होतं, आणि भुलीच्या वेळी पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाठदुखी-गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याची सवय असेल तर तीही सांगा. पुढे या गोळ्या बंदच ठेवायच्या असतात, त्यांनी जठराला अल्सर होतो.

तो दिवस

आधीचा दिवस किंवा दोन दिवस पातळ खाणं, मग रात्रीपासून काही नाही. पूर्ण भूल देतात, त्यामुळे दुर्बीण जाताना काही कळत नाही. काम साधारण तास-दीड तासाचं. शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो, वरच्या पोटात घट्ट आवळल्यासारखं दुखतं, कधी खांद्यापर्यंत कळ येते. बहुतेक ठिकाणी एक रात्र ठेवून घेतात. सोबतच्या माणसाला खाण्याचा डबा खोलीत उघडू देऊ नका. वासानेही मळमळतं.

पहिले तीन दिवस

हेच सगळ्यात कठीण. मळमळ, उमळे, कळा. ‘हे काय करून बसलो’ असं वाटतं आणि रडूही येतं. जवळपास सगळ्यांना येतं, आणि बहुतेकांना चौथ्या-पाचव्या दिवशी पुष्कळ हलकं वाटतं. उलटीचं औषध उलटी झाल्यावर घ्यायचं असा समज असतो, तो सोडा. दिलेल्या वेळेला घ्या, उमळा आलेला नसला तरी. जोरात उलट्या झाल्या तर टाक्यांवर ताण येतो.

आता पिण्याचं. खोकल्याच्या औषधासोबत येतो तो प्लास्टिकचा छोटा पेला घ्या, तीस मिलीच्या खुणेचा. त्यात पाणी भरा आणि तो एक पेला दहा-पंधरा मिनिटांत संपवा, जिभेवर ठेवून, घोट-घोट. घटाघटा नाही, स्ट्रॉने नाही, कारण स्ट्रॉने हवा आत जाते. पंधरा मिनिटांना तीस मिली म्हणजे तासाला एकशे वीस. दीड लिटर व्हायला तेरा तास लागतात. म्हणजे जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ तो पेला हातात असणार. फोनवर अलार्म लावा, घरच्यांना सांगून ठेवा. लघवी गडद पिवळी होऊ लागली, उभं राहिल्यावर अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय. दिवसभर काहीच पोटात टिकत नसेल तर सलाईनसाठी हॉस्पिटल गाठा, ‘उद्या बघू’ म्हणू नका.

दोन आठवडे पातळ

इथे मराठी घरातली सगळी माया आडवी येते. आजारी माणसाला आपण पेज देतो, साबुदाण्याची लापशी देतो, शहाळं देतो. पाण्यासाठी ते ठीक आहे, पण प्रथिनं त्यात नावापुरतीच. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही जातात. साधारण दिवसाला साठ ग्रॅमचं लक्ष्य असतं, तुमचा आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांकडून घ्या. पहिल्या तीन-चार दिवसांत साठ होत नाहीत, तेव्हा फक्त पाणी सांभाळा. मग वाढवत न्या. दोन कप साय काढलेलं दूध बारा-तेरा ग्रॅम देतं, व्हे प्रोटीनच्या पावडरीचा एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) वीस ते पंचवीस, वाटीभर दह्याचं ताक सहा-सात. उरलेलं मुगाच्या कढणातून आणि चिकन सूपमधून.

कढण कसं करायचं हे मी प्रत्येकाला सांगते, कारण बहुतेक घरी वरचं पाणी तेवढं गाळून देतात आणि डाळ इतरांच्या आमटीत जाते. सोललेली मूगडाळ कुकरला चार-पाच शिट्ट्या करून अगदी पिठासारखी होऊ द्या. रवीने घोटा, मग मिक्सरमधून फिरवा, मग बारीक गाळणीतून चमच्याने दाबत उतरवा. जिरेपूड, मीठ, चिमूटभर हिंग. तिखट नाही, फोडणी नाही. चमचा उलटा केल्यावर धारेने पडलं पाहिजे, गोळा पडला तर पाणी घाला. असं कढण खरोखर पोटात प्रथिनं नेतं. ताक मात्र आंबट नको, पहिल्या आठवड्यात छातीत जळजळतं.

आम्ल कमी करणारी गोळी या काळात चुकवायची नाही, ती टाक्यांच्या जागी जखम भरायला मदत करते. दारू आणि सिगारेट बंद. वजन उचलणं बंद, त्यात पाण्याची हंडी, सिलेंडर आणि नातवंडंही आली.

तिसऱ्या आठवड्यापासून

प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असतो, तुमचाच पाळा. ढोबळमानाने तिसरा-चौथा आठवडा घोटलेलं: गुरगुट्या भात आणि घट्ट वरण एकजीव करून, मऊ पिठलं, कुस्करलेलं पनीर, अर्धकच्चं नसलेलं मऊ अंडं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ पदार्थ. आगरी-कोळी घरांत मी काटा काढून उकडलेली सुरमई सुचवते, फार छान चालते. मग हळूहळू नेहमीचं. घास नखाएवढा, चावणं भरपूर, जेवताना पाणी नाही. आधी-नंतर अर्धा तास अंतर ठेवा. आधी प्रथिनं, मग भाजी, पोटात जागा उरली तर भात-भाकरी. पाव आणि गरम मऊ चपातीचा गोळा होऊन अडकतो, वडापाव त्यामुळे बरेच महिने लांब. छातीच्या मध्यावर दाब आला, नाक वाहू लागलं, उचकी लागली, तर तो थांबायचा इशारा. पुढचा घास घेतला की उलटी ठरलेली.

अजिबात अडकत नाही ते गोड आणि पातळ. श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम, उसाचा रस, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवून खारी: हे सगळं त्या लहान जठरातून सरळ खाली उतरतं. सहाव्या महिन्यात वजन थांबलेल्या माणसाची डायरी मी उघडते तेव्हा तिथे बहुतेक वेळा हेच सापडतं. टाके भाताला अडवतात, बासुंदीला अडवत नाहीत.

सण, उपास, पाहुणे

तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा, मनापासून सांगते. हरतालिकेचा निर्जळी उपास पहिल्या काही महिन्यांत अजिबात नको, तीस मिलीच्या हिशेबात एक दिवस पाण्याशिवाय गेला तर तो भरून काढता येत नाही. नवरात्रातले नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर काढले तर प्रथिनं नाहीत. श्रद्धा असेल तर दूध, ताक, पनीर, राजगिरा यांवर बांधणी करून देता येते, विचारा. उकडीचा मोदक चौथाई खाल्ला तर काही बिघडत नाही, पण पहिल्या सहा आठवड्यांत पारीचा चिकट गोळा नको.

आत्या, मावशी, सासूबाई ‘एवढंसं खाऊन काय होणार, माझ्या हातचा एक घास घे’ म्हणणारच. प्रेमाने म्हणतात. सगळ्यांना सगळं सांगण्याची सक्ती नाही. ‘डॉक्टरांनी पथ्य दिलंय’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही मानलं जातं. घरातल्या निदान एकाला मात्र सगळं ठाऊक असावं, आणि हॉस्पिटलचा नंबर त्याच्या फोनमध्ये असावा.

ताबडतोब निघायचं कधी

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी शी, दम लागणं, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज. शांत पडून असतानाही नाडी शंभराच्या वर टिकून राहिली तर तेही लक्षण धरा. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायला घरात कुणीतरी आधीच शिकून ठेवा. बलून असेल आणि लघवी हिरवी-निळी झाली, तर आतला रंगीत द्रव गळतोय, त्याच दिवशी फोन करा. १०८ ची अॅम्ब्युलन्स आहेच. जवळच्या कॅज्युअल्टीत गेलात तर पहिल्या वाक्यात सांगा की जठराला आतून टाके आहेत.

पुढचे महिने

बसून करायच्या कामावर बरेच जण आठवड्याभरात परततात. ऐरोलीच्या किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसात बाटली आणि डबा टेबलावरच ठेवा, कँटीनची वेळ पाळत बसू नका. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. वजन झपाट्याने उतरल्याने होतं, बहुधा थांबतं, पण प्रथिनं, लोह आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. उलट्या आठवडाभर चालल्या तर बी१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते, तेव्हा वाट पाहू नका. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळा येत असतील तर पित्ताशयातले खडे पाहायला सोनोग्राफी करतात, झपाट्याने वजन उतरताना ते होतात. बायकांसाठी: वजन उतरलं की बंद पडलेली पाळी नियमित होऊ शकते, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्यांनाही दिवस जाऊ शकतात, आणि पहिल्या वर्षात गरोदरपण टाळायला सांगतात. उलट्यांच्या दिवसांत गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर चढणारी माणसं तीन दिवसांत निराश होतात. चालणं पहिल्या दिवसापासून खोलीत, मग मासुंदा तलावाभोवती, उपवनला किंवा सेंट्रल पार्कात. स्नायूंचा व्यायाम डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, साधारण सहा आठवड्यांनंतर. आणि वजन मध्येच थांबलं तर लाजून फॉलोअप बुडवू नका. डायरी पाहून आहार बदलता येतो, औषध जोडता येतं, टाके सैल झाले असतील तर पुन्हा घालता येतात, आणि गरज पडली तर स्लीव्हच्या शस्त्रक्रियेची वाटही बंद झालेली नसते.